नोक्वाखाची तीन बोटं

नोक्वाखा वारली त्या मंगळवारी सकाळी मी कढई चढवली होती. तिची मुलगी लिंदेल्वा कुंपणाशी आली आणि म्हणाली, "मावशी, आई गेली." मी म्हटलं, "देव तिला शांती देवो बाई," आणि झारा तेलात धरून तशीच उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मनात पहिलं आलं ते हेच, की बरं झालं.

गुरुवारी लिंदेल्वा पुन्हा आली. शनिवारी दफन. आमच्याकडे दफनाच्या कार्यक्रमपत्रिकेत घरच्यांचे शब्द असतात, चर्चचे असतात आणि शेजारणीचे असतात.

"शेजारणीचे शब्द तुम्ही बोला मावशी," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं तुमचं कुंपण एक. आईची हकिगत तुमच्याइतकी कुणाला ठाऊक आहे?"

"बोलते की," मी म्हटलं. नऊ वर्षं मी या बोलावण्याची वाट बघत होते. शवपेटी समोर असेल, लाल ब्लाउजातल्या सगळ्या बायका ओळीने उभ्या असतील, आणि तिने माझं काय केलं ते मी एकेक करून सांगेन. तिला उलट बोलता येणार नाही ही तर सोयच होती. मी त्याच दुपारी वही घेऊन लिहायला बसले.

नोक्वाखा केई नदीपलीकडच्या खेड्यातली. एकोणिसाव्या वर्षी इथे आमच्या वस्तीत, मदान्त्सानेत, आली आणि कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला बसली. कारखाना बंद पडला तेव्हा बायकांच्या हातात एकेक जुनं मशीन देऊन त्यांना वाटेला लावलं. बाकीच्यांनी ती विकून टाकली. हिने मात्र आपलं पायमशीन ढकलगाडीवर घालून घरी आणलं, पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खडखड सुरू. बुटकी, रुंद, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळावं नोक्वाखा हसतेय. हातात मात्र जादू होती, हे वैरीण असून सांगते. गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थना असते, तिला लाल ब्लाउज, पांढरी कॉलर आणि काळा परकर घालून जायचं. वस्तीतले निम्मे लाल ब्लाउज तिने शिवलेले. दहा वर्षं धुतलं तरी तिच्या हातची कॉलर मान टाकत नसे.

तिच्याकडे एक जाडजूड वही होती. एकेका बाईला एक पान. कंबर, छाती, बाही, आणि पुढे साल. कंबर वाढली की ती तोंडातल्या टाचण्या काढून मोठ्याने ओरडायची, "बावन्न! नवरा बरा जेवू घालतोय हो!" आणि आम्ही खुश व्हायचो. त्या वर्षांत शनिवारमागून शनिवार आम्ही माणसं पुरत होतो, आणि पुरलेलं प्रत्येक माणूस आधी वाळून काटकी झालेलं असायचं. त्यामुळे अंगावर मांस असणं म्हणजे घर सुखात आहे आणि तो रोग दारात आलेला नाही, असा सरळ हिशेब होता. त्या रोगाचं नाव कुणी तोंडाने घेत नसे. एचआयव्हीची अक्षरं तीन, म्हणून तीन बोटं वर करायची. बघणारी समजायची.

माझं वजन तेव्हा एकशे एकवीस किलो. मी शाळेच्या फाटकापाशी मग्विन्या विकते, म्हणजे आंबवलेल्या कणकेचे तळलेले गोळे. विकायचे दहा तर तोंडात दोन. चहात सहा चमचे साखर. गुडघे बोलायला लागले, जिना चढताना छाती भरून यायला लागली, तरी मी म्हणायची वय झालं. मग एकदा दवाखान्यात सिस्टर तोझामाने माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, तो पुरेचना. जाड दंडाचा मोठा पट्टा सगळ्या दवाखान्यात एकच होता, तो दुसऱ्या खोलीतून आणला, बांधला, आणि आकडा बघून ती खुर्चीवर बसलीच.

"नोझुको, तुझी आई किती वर्षांची असताना गेली?"

"बावन्न. अर्धांगाने गेली."

"आणि तू?"

"शेहेचाळीस."

"मग सहा वर्षं आहेत तुझ्याकडे," ती म्हणाली. "गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. मी तुला सडपातळ व्हायला सांगत नाहीये. दहा-बारा किलो उतरव, बघ हा आकडा कसा ऐकतो ते."

तोझामा नुसतं सांगून सोडणारी बाई नव्हती. तिने सोमवारी सकाळी आठ वाजता दवाखान्याच्या फाटकापासून स्टेडियमपर्यंत चालायचं ठरवलं. आम्ही सतरा जणी जमलो. ताटात अर्धी जागा कोबी-पालकाची, मक्याच्या पिठाची उकड मुठीएवढीच, कोल्ड्रिंक फक्त लग्नाला. दर महिन्याला वजन आणि कंबर. दवाखान्याची कागदी टेप आमच्यातल्या पाचजणींना पुरत नसे, म्हणून सिस्टरने नोक्वाखाला बोलावलं. ती दोन टेपा जोडून शिवलेली आपली पिवळी टेप गळ्यात घालून यायची, आम्हाला मोजायची आणि आकडे तोझामाच्या कागदावर लिहायची, तसेच आपल्या वहीतही. तिला कुणी म्हटलं, तूही मोजून घे, तर म्हणायची, "मी शिंपीण आहे गं, मला कोण मोजणार!" आणि हसायची.

मी जिद्दीची. दीड वर्षात मी छत्तीस किलो उतरवले. कसे, ते मला विचारू नका. रोज पहाटे शंभर मग्विन्या तळायच्या, त्यांचा वास नाकात, आणि तोंडात एकही नाही. कितीदा कढईसमोर रडले आहे. पण रक्तदाबाचा आकडा उतरला, साधा पट्टा दंडाला पुरायला लागला, आणि तोझामाने माझं कार्ड सगळ्या रांगेला दाखवलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी शाबासकी दिली होती.

ब्लाउज ढगळ झाला, म्हणून मी नवा शिवायला नोक्वाखाकडे गेले. सन दोन हजार नऊ, ऑगस्ट महिना. पुढच्या खोलीत आणखी चार बायका बसल्या होत्या. मी आरशासमोर हात वर करून उभी. तिने टेप फिरवली, वही उघडली. माझ्या पानावर आधीचा आकडा एक्कावन्न होता. आता चाळीस.

"काय गं, काय झालं?" मागून एकीने विचारलं.

नोक्वाखाच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ती बोलली नाही. माझ्या पाठीमागे तिने हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. तिला वाटलं मला दिसत नाही. आरसा होता ना पुढे! मला सगळं दिसलं. त्या चारजणींची तोंडंही दिसली.

मी तेव्हाच वळून तिच्या थोबाडीत द्यायला हवी होती. दिली नाही. मी खाली बघून पर्स उचलली आणि घरी आले. आजही ते आठवलं की माझा हात शिवशिवतो.

पुढच्या गुरुवारी प्रार्थनेनंतर मला चहा मिळाला तो कान तुटलेल्या कपात. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तोच कप. माझ्यासाठी तो वेगळा ठेवला होता. फाटकापाशी गिऱ्हाईक येईना. माझ्या मुलीचं, सिफोकाझीचं, लग्न ठरत होतं, मुलाचे काका बोलणी करायला शनिवारी येणार होते, मेंढी कापून ठेवली होती. ते आलेच नाहीत. निरोप आला, की घरात आजार असताना बोलणी नकोत. मी तपासणी करून घेतली, कागद आणला, चर्चमध्ये दाखवला. बायका म्हणाल्या, "कागद काय, कुणीही आणतं." आणि रोग असता तरी काय? माझी धाकटी बहीण त्याच्याच गोळ्या खाते, रोज कामाला जाते, माझ्याहून दणकट आहे. पण लोकांना ते नको होतं. सिफोकाझी केपटाऊनला निघून गेली. जाताना म्हणाली, "आई, तुला काय गरज होती बारीक व्हायची?" पोटच्या पोरीने हे विचारावं!

आणि मी एकटीच मेले असं नाही. सतरा जणी चालायच्या, त्या बोटांनंतरच्या दुसऱ्या सोमवारी तीनच आल्या. महिन्याभरात मी एकटी. कुणालाच आपली कंबर उतरायला नको होती. तोझामाने दवाखान्यासमोर उभं राहून बायकांना ओरडून सांगितलं, की चालल्याने रोग होत नाही, उलट टळतो. ऐकतंय कोण! तिने दोन वर्षं घालून उभं केलेलं सगळं तीन बोटांनी आडवं झालं.

मी नोक्वाखाला जाब विचारला नाही. मी तिला रोज कुंपणावरून "बरी आहेस ना?" म्हणत राहिले. मनात म्हणायचे, तुझी वेळ येईल भवाने. मी मेले नाही, हे बघून चार-पाच वर्षांत गिऱ्हाईक हळूहळू परतलं. तुटका कप कुठेतरी गेला. लोक विसरले. मी विसरले नाही.

तिची वेळ दोन हजार सोळा साली आली. तिला साखर निघाली. वजन एकशे अडतीस, आणि पायाच्या अंगठ्याला जखम, ती भरेना. तोझामाने तिला माझ्यासारखंच बसवून सांगितलं असणार. कारण पुढच्या जानेवारीत मी पहाटे पीठ मळायला उठले तर ही बया आपल्या अंगणात कपड्यांच्या दोरीभोवती गोल गोल चालतेय. हातात टॉर्च नाही, रेडिओ नाही. चोरासारखी. मी खिडकीतून रोज बघायला लागले. तिच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या कचऱ्यात दिसेनाशा झाल्या. मार्चपर्यंत तिचा चेहरा उतरला, गळ्याची हाडं दिसायला लागली.

पण कंबर मात्र तेवढीच! मला नवल वाटलं. मग एक दिवस दोरीवर वाळत घातलेले कपडे बघितले. तीन परकर, दोन स्वेटर, आणि एक टॉवेल घडी करून, टाके घालून, पट्ट्यासारखा शिवलेला. ती तो कमरेला बांधत होती. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ही बाई बारीक झालेली लपवायला दोन स्वेटर घालून प्रार्थनेला येत होती. तिला तिच्याच बोटांची भीती वाटत होती!

काय सांगू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

मी ईस्टरची वाट बघितली. ईस्टरला आसपासच्या सगळ्या वस्त्यांतल्या बायका आमच्या चर्चच्या सभागृहात जमतात, तीनशे तरी असतील. जेवणाच्या वेळी नोक्वाखा वाढायला उभी होती. घामाने तिचा स्वेटर भिजला होता. लांबच्या वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, "नोक्वाखा, मानेने किती वाळलीस गं? बरं नाही का?"

सगळ्यांनी वळून बघितलं. नोक्वाखा काहीतरी बोलणार होती. तिच्यासमोर मी बसले होते, माझ्या तोंडात चहाचा घोट होता. मी घोट गिळला नाही. हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

आमच्या टेबलावरच्या सगळ्यांनी ती बघितली. नोक्वाखाने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. तिचे ओठ हलले, हातातला भाताचा डाव पातेल्यात पडला. मी चहा गिळला आणि म्हटलं, "भात वाढ की गं."

मंगळवारी सकाळी ती माझ्या गाड्यासमोर उभी. अंगावर एकच ब्लाउज, स्वेटर नाही.

"सहा मग्विन्या दे. मधे सॉसेज घाल."

मी दिल्या. तिने तिथेच, फाटकापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं उभं राहून त्या खाल्ल्या. वर कोल्ड्रिंक. बुधवारी पुन्हा. गुरुवारी पुन्हा. तिला अंगावर मांस परत आणायचं होतं, आणि लोकांना ते दिसायला हवं होतं. मी मोठ्यातल्या मोठ्या काढून ठेवायचे तिच्यासाठी. पीठ मळताना मला शीण वाटत नसे. म्हणायचे, खा नोक्वाखा, खा.

जूनमध्ये सिस्टर तोझामा गाड्यापाशी आली. आता तिचेही केस पिकले होते.

"नोझुको, तिला देऊ नकोस. सातच्या आत हवी तिथे तिची साखर वीसच्या वर आहे. अंगठा काळा पडलाय."

"मी विकणारी बाई आहे सिस्टर. ती मागते, मी देते."

"तू तिला मारते आहेस."

"तिने मला मारलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच होते," तोझामा म्हणाली. "माझ्या सतरा बायकांतल्या सोळा चालणं सोडून गेल्या, मला विचार. पण आता हे तुझ्याच हातात आहे. मी सांगून कुणी ऐकत नाही. तू आठ वर्षं बारीक राहून जिवंत आहेस. गुरुवारी एकदा उभी राहा आणि सांग, की ती बोटं खोटी होती. तेवढ्याने ती पुन्हा चालायला लागेल."

"आधी तिने सांगावं. माझ्यावर केलेली तिची बोटं आधी. मग मी."

"आणि तोवर ती मेली तर?"

"तर माझी काय चूक?" मी म्हटलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

नोक्वाखा एकदा बोलायला आली होती, हेही सांगून टाकते. त्याच हिवाळ्यात, आमच्याकडे जून-जुलैत थंडी असते. पायाला पट्टी, हातात काठी. गाड्याची कडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नोझुको, त्या वेळी, तुझा ब्लाउज मोजताना मी जे..."

मला ठाऊक होतं ती काय म्हणणार. आठ वर्षं मला तेच ऐकायचं होतं. आणि ऐन वेळी मला ते नको झालं. माफी मागितली तर मला बोटं खाली घ्यावी लागणार होती. मी तिला पुरतं बोलूच दिलं नाही.

"किती देऊ?" मी म्हटलं. "सहा की आठ?"

तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "आठ दे."

अंगठा कापला, मग पाऊल कापलं. पुढे लिंदेल्वा येऊन मग्विन्या घेऊन जायची, आईसाठी आणि स्वतःसाठी. तीही आईसारखीच भरलेली, तिशीत एकशे वीसच्या घरात. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात नोक्वाखाचं हृदय थांबलं.

हे सगळं, माझ्या बाजूचं तेवढं गाळून, मी गुरुवारी वहीत लिहिलं. तिची तीन बोटं, तुटका कप, सिफोकाझीचं लग्न. वाचून बघितलं, चांगलं झोंबणारं झालं होतं.

शुक्रवारी दुपारी लिंदेल्वा एक पुडकं घेऊन आली.

"मशीनच्या खणात सापडलं, मावशी. तुमच्यासाठीच शिवलेलं असणार. वहीत बघितलं, कंबर चाळीस फक्त तुमचीच आहे. उद्या बोलताना हाच घाला ना."

कोरा लाल ब्लाउज होता. कॉलर कडक, बटणं लावलेली, काजांभोवती तिचे ते बारीक टाके. एकदाही अंगाला न लागलेला. मला वाटलं, बघा, मरता मरता माफी शिवून गेली. थोडा राग आला, थोडं बरंही वाटलं. लिंदेल्वा गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून तो अंगात घातला. कंबर बरोब्बर बसली.

बाह्या मात्र चार बोटं आखूड.

मी उंच आहे. नोक्वाखाने वर्षानुवर्षं माझे ब्लाउज शिवले होते, माझ्या बाहीत तिचं कधी दोऱ्याएवढंही चुकलं नाही. चार बोटं कशी चुकतील? मी हात पुढे करून त्या बाह्यांकडे बघत राहिले. तशीच खाटेवर बसले. तो माझ्यासाठी नव्हताच. बुटक्या बाईच्या बाह्या होत्या. तिने माझी कंबर उचलून स्वतःसाठी कापड बेतलं होतं. दोरीभोवती पहाटे गोल गोल चालत होती ती या ब्लाउजात शिरण्यासाठी. तिला माझ्याएवढं व्हायचं होतं. छप्पन्नवरून पन्नासवर तरी आली असेल, आणि तेवढ्यात मी चहाचा घोट तोंडात धरून हात वर केला.

मी तो ब्लाउज काढला नाही. तशीच रडले. तिच्यासाठी रडले की माझ्यासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. मी तिला माफ केलेलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

शनिवारी मंडप भरला होता. शवपेटीवर तिचा जुना ब्लाउज घडी करून ठेवला होता, पलंगपोसाएवढा दिसत होता. माझं नाव पुकारलं. मी आखूड बाह्यांचा लाल ब्लाउज घालून पुढे गेले. वही घरीच ठेवली होती.

"हा ब्लाउज नोक्वाखाने स्वतःसाठी शिवला होता," मी म्हटलं. "कंबर चाळीस. तिला तो घालता आला नाही. का नाही, ते सांगते."

मग मी हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. 

"नऊ वर्षांपूर्वी तिने माझ्यावर ही बोटं उचलली. तुम्ही चौघी तिथे होता, खाली बघू नका. मला तुटक्या कपात चहा तुम्ही पाजलात. ती बोटं खोटी होती. मग गेल्या ईस्टरच्या आदल्या ईस्टरला मी तिच्यावर उचलली. तीही खोटी. तिला साखर होती, ती सिस्टरचं ऐकून चालत होती, म्हणून उतरत होती. माझ्या बोटांना भिऊन तिने पुन्हा खायला सुरुवात केली, आणि तिला खायला मीच घातलं. रोज. मोठ्या मोठ्या निवडून. ती माफी मागायला आली तर तिला बोलू दिलं नाही. झालं. ही शेजारणीची हकिगत."

कुणीतरी मागे रडायला लागलं. पाद्री उठायला लागले, त्यांना मी हातानेच बसवलं.

"आता ज्या बाईला बोटं उचलायची हौस असेल, तिने इथे उचलावी. माझ्यासमोर. मी पंच्याऐंशी किलोची आहे आणि जिवंत आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता दवाखान्याच्या फाटकाशी उभी असेन."

एकही हात वर झाला नाही. मी जागेवर जाऊन बसले. लिंदेल्वा पहिल्या बाकावर होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, तिथून निघेपर्यंत एकदाही नाही.

सोमवारी फाटकाशी सिस्टर तोझामा होती आणि मी. सव्वाआठ वाजता दोन बायका आल्या, त्या चौघींतल्या. आम्ही निघणार एवढ्यात लिंदेल्वा आली. पायात आईचे बूट, गळ्यात ती दोन टेपा जोडलेली पिवळी टेप. तिने ती तोझामाच्या हातात दिली, मोजून घेतलं, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता पुढे चालू लागली.

त्याला आता सात महिने झाले. ती माझ्याकडून मग्विन्या घेत नाही, माझ्याशी बोलत नाही, कुंपणापाशी आले तर आत निघून जाते. ती मला कधी माफ करेल असं मला वाटत नाही, आणि करू नये. पण सोमवार चुकवत नाही. माझ्या दहा पावलं पुढे चालते, रागाने चालते, मला दम लागतो तरी थांबत नाही. आम्ही आता अकरा जणी आहोत. मी मागून तिच्याकडे बघत चालते. कंबर उतरली आहे, परकर सैल झालाय. परवा स्टेडियमच्या वळणावर दोन बायका उभ्या होत्या, लिंदेल्वाकडे बघून एकमेकींच्या कानाला लागल्या. मी तिथेच थांबले आणि त्यांच्या हातांकडे बघत उभी राहिले. एकीने हात शालीत घेतला.

एक बोट जरी वर झालं असतं ना, मोडून हातात दिलं असतं.